गवंड्याचे चार थर

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी दोन उकडलेली अंडी, काकडी, बिनसाखरेचा चहा. दुपारी मासा आणि कोबी. संध्याकाळी कोबी आणि मासा.

डॉक्टरीणबाईंचा हुकूम — जे जे पोटात जाईल ते वहीत उतरवायचं. रक्तातली साखर वाढली आहे. साखर बंद, पाव बंद, बटाटा बंद. मग चालू काय, असं मी विचारलं. म्हणाल्या, चालणं. आणि आपल्याच विनोदावर हसल्या. मला काही हसू आलं नाही.

चाळीस वर्षं लोकांच्या भिंतींना गिलावा केला. तेव्हाही खिशात वही असायचीच — किती पोती सिमेंट, किती घमेली वाळू. आता त्याच वहीत अंडी लिहितोय. काय दिवस आलेत!

४ नोव्हेंबर, मंगळवार

अंडी. काकडी. गोड खावंसं वाटतंय. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज अंडी-काकडी राहू दे बाजूला. ही सकाळी चहा पिता पिता सहज म्हणाली, मोठा मिक्सर भाचीला देऊन टाकते. हिच्या बहिणीची मुलगी, बाजारात केकचं छोटं दुकान काढते आहे. तिला उपयोगी पडेल, इथे नुसता धूळ खातोय, असं म्हणाली. जुनी छत्री देऊन टाकावी तसं!

सव्वीस वर्षं ह्या स्वयंपाकघरात हिनं केक केले. वाढदिवसाचे, लग्नाचे, कुणाच्या नव्या घराचे. दारातून आत आलं की जिन्यातच कळायचं आज व्हॅनिला आहे की संत्रं. गेल्या वर्षी ताप आला. आठ दिवसांनी ताप गेला आणि जाताना हिच्या नाकातला वास घेऊन गेला. नाकाच्या डॉक्टरांनी चार बाटल्या दिल्या — लिंबू, लवंग, गुलाब, निलगिरी. रोज हुंगायच्या. तीन महिने हुंगल्या. काही नाही.

मग एके दिवशी ओव्हनमध्ये केक ठेवून ही दोन हातांच्या अंतरावर स्टुलावर बसून संत्री सोलत होती. केकचा पार कोळसा झाला, हिला पत्ता नाही. वरच्या मजल्यावरचे पोस्टमन धावत खाली आले तेव्हा कळलं. त्याच संध्याकाळी हिनं मिक्सरवर जुनी चादर टाकली. त्याला आता वर्ष झालं. रोजचं जेवण करते, पण केकच्या भांड्यांकडे बघत नाही.

माझ्या तोंडून निघून गेलं, "आधी मला एक गोड पदार्थ शिकव. मग जाऊ दे मिक्सर."

"तुम्हांला? तुम्हांला चहा धड गाळता येत नाही."

मी म्हटलं, जन्मभर एकावर एक थर चढवत आलोय, मला काय अवघड आहे. त्यावर तिनं जरा विचार केला. मग बोटांवर मोजून सांगितलं — खाली बदामाचा थर, त्यावर चीजचा, त्यावर चॉकलेटचा, वर फेटलेलं क्रीम. साखर नाही, मैदा नाही. डॉक्टरीणबाई ओरडणार नाहीत. आणि अट घातली: एकदा नीट जमलं, काप सरळ निघाला, की त्याच्या पुढच्या रविवारी भाची येऊन मिक्सर नेईल.

मी हो म्हटलं. खाली उतरून फिरायला निघालो आणि कोपऱ्यावर पोचेपर्यंत डोक्यात प्रकाश पडला. जमलं तर मिक्सर जाणार! आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंना फोन. बदामाची पूड चालेल, लोणी चालेल, क्रीम, चीज, अंडी, कडू कोको चालेल. साखरेऐवजी एक पांढरी गोड पूड मिळते, ती चालेल. "पण छोटा काप," म्हणाल्या. फोन ठेवताना परत म्हणाल्या, छोटा.

९ नोव्हेंबर, रविवार

पहिला प्रयत्न. फजिती!

ही स्टुलावर, हात मांडीवर. मी एप्रन बांधून उभा. ती हात लावणार नव्हती, नुसतं सांगणार होती. बदामाची पूड, वितळलेलं लोणी, काचेच्या भांड्यात थापायचं. थापायला मला काय सांगायला हवं! असा तळ बसवला की तीसुद्धा वाकून बघायला आली. ओव्हनमध्ये बारा मिनिटं. बाहेर काढला, गार केला. झकास.

आणि मग दुसरा थर चढवायच्या आधी मी वाटीत हात बुडवला आणि त्या तळावर पाणी मारलं.

सवय! कोरडी भिंत नव्या गिलाव्यातलं पाणी शोषून घेते, म्हणून आधी भिंतीला पाणी मारायचं. चाळीस वर्षं हात तेच करत आलाय. "अहो, हे काय केलंत?" तिनं विचारलं तोवर माझ्या तीन ओंजळी मारून झाल्या होत्या. खाली सगळा चिखल.

तिनं पदराआड तोंड लपवलं. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. जवळ गेलो तर हसत होती! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. बोलायला जायची, वाटीकडे बोट करायची आणि परत सुटायची. मग मीही सुटलो. ह्या स्वयंपाकघरात वर्षभरात असं कुणी हसलं नव्हतं.

चिखल चमच्यानं खाल्ला. पोस्टमन खाली आले, दोन वाट्या रिचवल्या, आणि सूप छान झालंय म्हणाले.

१० नोव्हेंबर, सोमवार

अंडी, काकडी, मासा. हिला मधूनच हसू येतंय. कपडे वाळत घालताना आलं. मला बघून परत आलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दुसरा प्रयत्न. पाणी मारलं नाही! चीज आणि पांढरी गोड पूड एकत्र घोटली, थर दिला. हिनं बोटावर घेऊन जिभेवर ठेवलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "वाळू."

मी चाखून बघितलं. गोड आहे की, म्हटलं. पण जीभ टाळ्यावर फिरवली तशी कचकच लागली. त्या पुडीचे दाणे जाड असतात, ते लोण्या-चीजमध्ये विरघळत नाहीत. आणि हे कुणाच्या घरात? ज्यानं जन्मभर वाळू चाळली त्याच्या! न चाळलेल्या वाळूनं भिंतीला कसे ओरखडे पडतात ते मी गावभर सांगत फिरलो. तोंडात मारल्यासारखं झालं.

पूड आधी बारीक दळली, मग बारीक चाळणीतून तीनदा चाळली. तिसऱ्या वेळी ही चाळणी माझ्या हातातून घेऊन स्वतःच हलवायला लागली. मी नुसतं भांडं खाली धरलं. बोललो असतो तर ठेवून दिली असती.

१५ नोव्हेंबर, शनिवार

तिसरा प्रयत्न, आणि आज मिक्सरवरची चादर निघाली.

क्रीम फेटायचं तर हातानं कुठवर फेटणार. मी चादर काढली, ती बघत राहिली. मी बटण दाबलं. ती स्टुलावर, पाठ माझ्याकडे, खिडकीतून बाहेर बघत. आणि न वळता म्हणाली, "बंद करा. झालं." मी म्हटलं, तुला काय दिसतंय तिकडून? म्हणाली, आवाज जड झाला. बघतो तर क्रीम अगदी उभं राहिलेलं! आणखी थोडा वेळ चाललं असतं तर त्याचं लोणी झालं असतं. मी आ वासून बघत राहिलो.

मग मी माझी अक्कल पाजळली. चॉकलेटचा थर — कोको, क्रीम, अंड्याचा बलक मंद आचेवर घट्ट होईपर्यंत हलवलेला — गरमागरम उचलला आणि ओतला चीजवर. चीज सरकलं. कडेनं वर आलं. पांढरं आणि काळं एकमेकांत गेलं. गिलाव्याचा खालचा हात सुकल्याशिवाय वरचा चढवायचा नाही! ह्यावरून मी घरमालकांशी भांडलोय. कामं सोडलीयत.

"दोन तास फ्रीजमध्ये," ती म्हणाली. "प्रत्येक थराला. घाई नाही." म्हटलं, हे वाक्य माझं आहे.

पण एक गोष्ट जमली. बदामाच्या तळावर मी काट्यानं आडव्या-उभ्या रेघा ओढल्या होत्या. तिनं विचारलं, ही नक्षी कशाला? मी सांगितलं, टाचे मारलेत. भिंत गुळगुळीत असली की पुढचा थर सुटून येतो, म्हणून आधी ती खरबरीत करायची. सव्वीस वर्षांत तिनं हे कधी केलं नव्हतं. तिचा वरचा थर तळावरून घसरायचा म्हणे, कापताना. आज सगळं बिघडलं, पण चीज तळाला असं धरून बसलं होतं की चमच्यानं खरवडून काढावं लागलं.

तिनं कपाट उघडलं आणि पाककृतींची जुनी वही काढली. पेन्सिलनं लिहिलं: "तळावर काट्यानं टाचे. ह्यांची युक्ती."

१६ नोव्हेंबर, रविवार

तिच्या वहीत मी! लग्नाला एकतीस वर्षं झाली, पहिल्यांदा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ड्रॉवरमध्ये त्या चार बाटल्या सापडल्या. संध्याकाळी डोळे मीट म्हटलं. कुरकुरली, पण मिटले. लिंबू — काही नाही. गुलाब — काही नाही. लवंग — काही नाही. चौथी बाटली धरली आणि ती म्हणाली, "निलगिरी."

मी खुर्चीवरून उठलोच! तिचा हात धरला, पोस्टमनांना हाक मारायला निघालो होतो. तिनं मला बसवलं. "वास नाही हो. नाकात झोंबलं, म्हणून ओळखलं. झोंबणं वेगळं, वास वेगळा."

बाटल्या परत ड्रॉवरमध्ये. नंतर आम्ही दोघं खिडकीशी बसलो. मी म्हटलं, क्रीमचा आवाज कळतो, वाळू जिभेला कळते, एवढं पुरे नाही का? ती म्हणाली, तुमच्यापुरतं पुरे. लोकांसाठी नाही. "व्हॅनिला जास्त झाला, लोणी खवट निघालं, ते मला कळणार नाही. जे मला कळत नाही ते मी दुसऱ्याच्या ताटात कसं वाढू?"

मला ह्यावर बोलायला तोंड नाही. तीन वर्षांपूर्वी एका जिन्याची भिंत माझ्या हातून वाकडी गेली. मला दिसली नाही, मालकाला दिसली. त्याच दिवशी मी गिलाव्याचा रंधा धुऊन, पुसून, माळ्यावर ठेवला. तेव्हा हिनं मला अडवलं नव्हतं.

पण मला वाईट वाटतं. फार वाईट वाटतं. हे इथे लिहितो, तिला सांगत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या चौथा प्रयत्न. हिशेब सोपा आहे — नाही जमलं तर मिक्सर राहतो. मुद्दाम बिघडवायचं. चॉकलेट थोडं तिरकं ओतलं की झालं. कुणाला कळणार आहे! ठरलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

नाही जमलं. म्हणजे बिघडवायला नाही जमलं.

सकाळपासून एकेक थर. तळ, टाचे, दोन तास. चीज, दोन तास. मग चॉकलेट — आधी कोमट होऊ दिलं. ठरल्याप्रमाणे एका कोपऱ्यात जास्त ओतलं. तिरकं झालं, अगदी हवं तसं. भांडं फ्रीजमध्ये ठेवलं आणि येऊन बसलो. बसवेना. वर्तमानपत्र उघडलं, एक ओळ डोक्यात शिरेना. हात शिवशिवायला लागले. पाच मिनिटांनी उठलो, माळ्यावर चढलो, पाणसळ काढली — ती बुडबुड्याची पट्टी, भिंत समतल आहे का बघायची. साबणानं घासून धुतली. चॉकलेटवर अलगद टेकवली, चष्मा लावला आणि लाकडी पट्टीनं ते चॉकलेट असं काही समतल केलं की बुडबुडा बरोबर मध्ये येऊन थांबला.

वळून बघतो तर ही दारात. किती वेळ उभी होती कोण जाणे. म्हणाली, "मला वाटलंच होतं, तुम्हांला वाकडं बघवणार नाही." म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं! मूग गिळून बसली होती.

संध्याकाळी वर क्रीम, त्यावर कडू चॉकलेटचा कीस. कापायच्या वेळी मी सुरी घेतली नाही. ओळंब्याची नवी दोरी आणली होती, धुऊन, उकळून. दोन्ही टोकं ताणून सरळ खाली. ती म्हणाली, आम्हीही केकचे थर दोऱ्यानंच कापतो. एकतीस वर्षं एका घरात राहतोय, आणि दोघं दोरी वापरतो हे आज कळलं.

काप बाहेर काढून ताटलीत ठेवला. चार रेघा. पट्टीनं आखल्यासारख्या. पोस्टमन खाली आले होते, ते पहिल्यांदाच खायचं सोडून नुसते बघत राहिले. मी खाल्लं. थंडगार, कडू, गोड, तळ कुरकुरीत. वीस दिवसांनी धड गोड! डोळ्यांत पाणी आलं तर लाज कसली.

हिनं एक घास घेतला. जिभेवर घोळवला. म्हणाली, "जमलं."

मग आत जाऊन भाचीला फोन केला. पुढच्या रविवारी, तीस तारखेला, चार वाजता.

२३ नोव्हेंबर, रविवार

डॉक्टरीणबाईंना आम्ही दोघांनी एक काप नेऊन दिला. छोटा! खाऊन म्हणाल्या, कृती लिहून द्या. ही पटकन म्हणाली, देते. मिक्सरपाठोपाठ कृतीही! मी तिच्याकडे बघितलं. ती भिंतीकडे बघत होती.

२६ नोव्हेंबर, बुधवार

मला सर्दी. नाक दगडासारखं चोंदलंय. कॉफी पितो की गरम पाणी, कळत नाही. घरात दोन माणसं आणि चालू नाक एकही नाही! दूध नासलंय का ते बघायला पोस्टमनांना वरून बोलवावं लागलं. त्यांनी हुंगलं, बरं आहे म्हणाले, आणि खात्री म्हणून अर्धं पिऊन गेले.

एक मात्र झालं. दुपारी ताटावर बसलो आणि घास तोंडात नुसता फिरत राहिला. मासा आहे हे मऊपणावरून कळलं. तीन दिवसांत मी रडकुंडीला आलो, हिनं वर्ष काढलंय. हातातला घास ठेवला आणि तिला म्हटलं, तुझं मला आता कळलं गं. ती म्हणाली, जेवा, गार होतंय.

२९ नोव्हेंबर, शनिवार

माझ्या अंगात थोडी कणकण. ही मिक्सर पुसत होती. भांडं, फेटण्या, मागची जाळीसुद्धा, दात घासायच्या जुन्या ब्रशनं. वायर गुंडाळून दोऱ्यानं बांधली. गाठ दोनदा मारली. शेवटी त्याच्या डोक्यावर थोपटलं, पाहुण्या पोराला निरोप देताना थोपटावं तसं. मी खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेलो.

३० नोव्हेंबर, रविवार

सव्वातीन. मिक्सर दाराशी टेबलावर, चादरीत. भाची चारला येईल. तिच्यासाठी आज पाचव्यांदा सगळं केलं, फ्रीजमध्ये आहे. आता हात आपोआप चालतो.

ही आतल्या खोलीत आडवी झाली आहे. झोप नाही, मला माहीत आहे. दार लावून घेतलंय. वरचा कीस संपला, तेव्हा मी माझ्याच डोक्यानं बदामाचे काप भाजायला ठेवलेत, क्रीमवर पेरायला. तिला सांगितलेलं नाही, भाचीसमोर एकदम दाखवीन. सात मिनिटं लागतील. तोवर हे लिहितो.

काय लिहू? तक्रार नाही. हा महिना चांगला गेला. ह्या ओट्याशी आम्ही दोघं इतकं कधी हसलो नव्हतो. मिक्सर गेला तरी चाळणी आहे, काटा आहे, तिच्या वहीत ती एक ओळ आहे. भाचीच्या दुकानात तो नीट चालेल, पोर कामाची आहे. आणि समजा कधी वाटलंच तर जाऊन बघून येता येईल. पण टेबलावर तो चादरीत बसलेला दिसतो आणि मला

त्याच दिवशी, साडेतीन

बदामांचा कोळसा झाला. मी इथेच, ओव्हनला पाठ करून, लिहीत बसलेलो. चोंदलेल्या नाकाला कसला पत्ता!

बंद दाराआडून हिचा आवाज आला, "अहो, बदाम करपले."

बदाम म्हणाली.

दार उघडून अनवाणी आली, ओव्हनसमोर जाऊन उभी राहिली आणि तो धूर छातीभर आत ओढला. खोकली. परत ओढला. रडतेय आणि हसतेय. खिडकी उघडू देत नाही.

मी मिक्सरच्या वायरची गाठ सोडतोय. दोन्ही.